आखाजीला मुराळी आला नाही तेव्हा

अगं, रडू नकोस असं मी मुळीच म्हणणार नाही. आखाजीला लेकीला न्यायला माहेरचं कुणी फिरकलं नाही, हे दुःख खान्देशातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. गल्लीत लिंबाला झोके टांगलेले, पोरींची गौराईची गाणी चाललेली, शेजारी खापरावर पुरणपोळ्या होताहेत, आणि तू चाळीसगावला तुझ्या ओट्यावर वाट बघत बसलेली. त्यातून तुझे वडील, आप्पाकाका गेल्यावरची यंदा त्यांच्या नावाची पहिली घागर. दादाने ती भरली, पूजली, भाऊबंदांना जेवू घातलं आणि तुला साधा फोन केला नाही. का, तर वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तू सही केली नाहीस. "ती आता बहीण राहिली नाही, हिस्सेकरीण झाली," असं तो चारचौघांत बोलला, ते तुझ्या कानावर आलं, आणि तेच तुला सगळ्यात जास्त लागलं.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "ताई, माझा तळतळाट लागेल त्याला." आणि लगेच आवाज उतरवून विचारलंस, "देव अशा वेळी काय करतो गं? बघतो तरी का?" त्या दोन वाक्यांनी माझी झोप गेली. तू धाकटी, आणि दादा माझाही भाऊच. म्हणून थोरल्या बहिणीला सुचतं तसं बोलते. जरा लांबेल. ऐकून घे.

आधी तळतळाटाबद्दल. आपली आजी आठवते ना? कुणी लबाडी केली, बांध कोरला, मजुरी बुडवली, की ती एवढंच म्हणायची, "देव देखस वं माय." आणि कामाला लागायची. लहानपणी मला वाटायचं, आजी शाप देतेय. मोठी झाल्यावर कळलं की शाप देणारी बाई इतक्या शांतपणे भाकरी थापू शकत नाही. तिने ते प्रकरण देवाच्या हवाली केलेलं असायचं, आणि बांधाची मोजणी मागायला दुसऱ्या दिवशी तीच आजोबांना तालुक्याला धाडायची. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या होत्या, हे ध्यानात ठेव. मला जे सांगायचंय ते बरंचसं यातच आहे.

पांझरेकाठी, देवपुरात एकवीरेच्या देवळात मी नेमाने जाते. तिथे नवस बोलणाऱ्यांत एखादी बाई अशीही असते, जी जावेचं, नणंदेचं, भावाचं नाव घेऊन देवीला सांगते, याला दाखव एकदा. मला तिचा राग येत नाही. कोर्ट परवडत नाही, भाऊबंद ऐकत नाहीत, नवरा म्हणतो तुझं तू बघ. मग ती देवीकडे नाही तर कुणाकडे जाणार? पण देवीच्या हाती काठी देऊन तिला आपल्या भांडणात उभं केलं, की आपल्याला स्वतःसाठी जे मागायचं ते मागायचंच राहून जातं. शिवाय ती एकट्या आपलीच माय थोडीच आहे? दादाही नवरात्रात तिथे दंडवत घालतो. तिने दादाला उचलून आपटावं अशी आपली इच्छा असेल, तर आपण आईजवळ दुसऱ्या लेकराचं वाईट मागतोय. कुठलीही आई ते ऐकून घेईल, पण करणार नाही.

मग देव करतो काय? हे मला कुणी पोथीवाल्याने शिकवलं नाही. आपल्याच धुळ्याच्या तुरुंगाने शिकवलं, म्हणजे तिथे घडलेल्या एका गोष्टीने. ती सांगते, कारण तिकडून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही ती नीट माहीत नसते.

१९३२ साल. जानेवारीत गांधीजींना पकडलं आणि मग देशभर सत्याग्रहींनी तुरुंग भरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, ३६ वर्षांचे. साने गुरुजी होते, ३२ वर्षांचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी दोन वर्षांपूर्वी सोडून चळवळीत उतरलेले. जमनालाल बजाज होते. आणि खेड्यापाड्यांतून आलेली, नाव कुठे न छापलेली कितीतरी माणसं होती. या माणसांवर उघड अन्याय झालेला होता. मीठ उचललं, झेंडा धरला, सभा घेतली, म्हणून लाठ्या खाल्लेल्या, घरदार उघड्यावर टाकून आलेली माणसं. मनात द्वेष भरून यायला आणखी काय लागतं?

अशा माणसांसमोर विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिला अध्याय, १९ जूनच्या रविवारी अठरावा. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. आणि साने गुरुजी खाली बसून भराभर लिहून घेत होते. त्यांनी लिहिलं नसतं तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच विरले असते. तीच पुढे 'गीता प्रवचने' झाली आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेली. तू ते पुस्तक कधी उघडलंस तर बघ, त्यात सरकारला शिव्याशाप शोधून सापडत नाहीत. बोलणारा कैदी, लिहिणारा कैदी, ऐकणारे कैदी, आणि विषय काय, तर माणसाचं मन निर्मळ कसं होईल! त्यांनी लढा सोडला होता म्हणून हे झालं असं समजू नकोस. सुटले की पुन्हा सत्याग्रह, पुन्हा तुरुंग, हे त्यातल्या कितीतरी जणांचं पुढची दहा वर्षं चालू राहिलं. गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली तीही १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात.

त्यातला बारावा अध्याय भक्तीचा. देवाला कोण आवडतो याच्या खुणा त्यात सांगितल्यात, आणि त्या यादीत सगळ्यात पहिली खूण कोणती? पूजा, उपास, तीर्थयात्रा यांतलं काहीच नाही. कोणत्याही जिवाचा द्वेष न करणं, ही पहिली खूण. विनोबा त्या अध्यायावर बोलले ती तारीख ८ मे १९३२. मी एकदा सहज पंचांग मागे मोजत गेले, तर तो दिवस वैशाख शुद्ध तृतीयेचा निघाला. म्हणजे आपली आखाजी! बाहेर धुळ्याच्या गल्ल्यांतून लेकी माहेरी आलेल्या असतील, झोके चढत असतील, आणि भिंतीच्या आत एक माणूस घरादारापासून तुटलेल्यांना सांगत होता की देवाला द्वेष न करणारा आवडतो. तुझी आखाजी अशी गेली हे कळल्यावर मला पहिल्यांदा तीच तारीख आठवली.

त्याच दिवशी विनोबांनी लक्ष्मण आणि भरत या दोघा भावांची जोडी समोर ठेवली. लक्ष्मणाला रामाजवळ राहूनच भक्ती करता आली, आणि भरताने दूर अयोध्येत राहून केली. विनोबांना त्यातून सगुण-निर्गुण सांगायचं होतं. मी मात्र बाईमाणूस, मी त्या जोडीकडे वाटणीच्या डोळ्यांनी बघते. अन्यायाने हाती आलेलं राज्य भरताने आपलं मानलं नाही. आपला दादा भरत नाही, हे खरं; ते आपल्या हातात नाही. पण दूर राहूनही माया टिकवता येते, रोज तोंड दिसलं नाही, आवतण आलं नाही, तरी नातं आपल्या बाजूने जिवंत ठेवता येतं, हे भरताकडून घेण्यासारखं आहे. माहेरची वाट कुणी बंद केली तरी तुझ्या मनातलं माहेर बंद करायचा अधिकार त्याला नाही.

तू म्हणशील, ताई, हे सगळं मला कळतं, पण होत नाही. बरोबर आहे, होतच नाही. आणि इथेच कृपेचा प्रश्न येतो. आपण ठरवून द्वेष टाकू शकलो असतो, तर देवाची गरज काय होती?

माझ्या नोकरीतलं तुला थोडंफार माहीत आहे. पैशांचा खोटा आळ आला होता माझ्यावर. ज्याने तो घेतला त्याला तो खोटा असल्याचं माहीत होतं. चौकशी लागली. दिवसा मी प्रत्येक नोटिशीला लेखी उत्तर द्यायची, पोच घ्यायची, फायलीत लावायची. आणि रात्री अंथरुणावर पडलं की त्या माणसाशी मनातल्या मनात भांडायची. त्याच्या घरावर काय काय कोसळावं याचे बेत मीच रचायची. देवघरात बसले तरी तोच समोर. किती महिने असे गेले. मी देवाला एवढंच म्हणत राहिले की हे माझ्याने सुटत नाही, तूच सोडव. त्यात काही भक्तीचा उमाळा नव्हता, कंटाळलेल्या बाईचं गाऱ्हाणं होतं ते.

मग एका सकाळी त्या माणसाची मुलगी बोर्डाच्या पेपराला निघालेली रस्त्यात भेटली. माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट लिही गं बाळा, घाबरू नकोस." चार पावलं पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, मी हे कुणाच्या मुलीला म्हटलं ते. मी ते ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर जमलंच नसतं. छातीवरचं ओझं कधी उतरलं ते मला कळलंच नाही, उतरल्यावर कळलं. कृपा म्हणतात ती मला एवढीच माहीत आहे, आणि ती मला पुरते.

पण पुढचंही ऐक. चौकशी चालूच राहिली आणि मी एकही कागद सोडला नाही. शेवटी नाव साफ झालं. त्या माणसाने माफी मागितली नाही, आजवर नाही. मला तिची गरजही उरली नाही.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या नात्यातली माणसं तुला धर्म सांगताहेत म्हणे. "बहिणीने भावाला हिस्सा सोडून द्यावा, तुकोबांनी नाही का खतं-कागद इंद्रायणीत बुडवले?" ही गोष्ट सांगणाऱ्यांनी ती पुरती तरी सांगावी! तुकोबांनी घरच्या सावकारीचे कागद काढले तेव्हा आधी त्यांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबाचा निम्मा वाटा त्याच्या हाती दिला. बुडवले ते स्वतःच्या वाट्याचे, आणि तेही दुष्काळात पिचलेल्या लोकांकडून येणं असलेले. दुसऱ्याचा वाटा बुडवून तुकोबा संत झाले नाहीत. तुला तुझा हिस्सा पुढेमागे दादाला द्यावासा वाटला तर आनंदाने दे, मी अडवणार नाही. पण जे हाती आलेलंच नाही ते देणार कसं? धाकाने घेतलेली सही दान होत नाही गं. आखाजीचं आवतण बंद करून मिळवलेली सही तर नाहीच नाही. अशी सही करशील तर जमीन जाईलच, आणि मनात द्वेष जन्मभर राहील. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

तुकोबांचीच दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी त्यांच्यावर आक्षेप घेतला, शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये म्हणून. त्या छळातून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तुकोबा तेरा दिवस काठावर पडून राहिले, वह्या तरल्या, हे आपण कीर्तनात ऐकतो. तुकोबांनी रामेश्वर भटांचं वाईट चिंतलं नाही, आणि अभंग रचणंही सोडलं नाही. पुढे तेच रामेश्वर भट त्यांचे शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आपण घरोघर म्हणतो ना, ती त्याच रामेश्वर भटांची. शेवटी त्यांचं नाव येतं. ज्याने वह्या बुडवायला लावल्या त्याच्याच शब्दांनी आपण आज तुकोबांना ओवाळतो. मला याहून मोठा चमत्कार माहीत नाही. वह्या तरल्या की नाही यावर कुणी वाद घालो, माणूस तरला यावर वाद नाही.

असं दरवेळी होतं का? नाही होत, बाई. तुला खोटं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. चोखोबांचंच बघ. आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलं आणि देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं गेलं नाही. मंगळवेढ्याला वेशीच्या कामावर भिंत कोसळली, तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही दाराबाहेरच. त्यांच्या घरात सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, सगळे अभंग रचणारे, आणि कर्ममेळ्याने तर देवालाच सरळ जाब विचारलेला आहे. त्याचा तो जाब मला भक्तीच वाटतो. तुला देवाशी भांडावंसं वाटलं तर भांड. आपल्या परंपरेत ती वाट मोकळी आहे.

चोखोबांना दार उघडलं नाही, ते उघडायला सहाशे वर्षं लागली. आणि ते उघडायला कोण उभं राहिलं? धुळ्याच्या तुरुंगात बसून ती प्रवचनं लिहून घेणारेच साने गुरुजी. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून आधी त्यांनी गावोगाव हिंडून लोकांना साद घातली. ठिकठिकाणची देवळं, पाणवठे खुले होत गेले, पण पंढरपूर बधेना. तेव्हा १ मे १९४७ ला ते पंढरपुरात उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. 'साने, भीमेपार चालते व्हा' अशा अर्थाच्या घोषणा त्यांच्याविरुद्ध झाल्या. खुद्द गांधीजींकडून, चुकीची माहिती पोचल्यामुळे, उपोषण सोडा अशी तार आली. ज्याला देवासारखं मानलं त्याचा शब्द मोडून बसून राहायचं, याचा त्यांना किती त्रास झाला असेल! तरी ते उठले नाहीत. १० मे ला बडव्यांनी मान्य केलं, मग उपोषण सुटलं. त्यांचा हट्ट बंद दारापुरता होता. ते दार धरून बसलेल्या माणसांचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं, आणि मला वाटतं, म्हणूनच त्या माणसांना मागे यायला जागा उरली.

मुळात गुरुजींची रीतच ती. अमळनेरच्या छात्रालयात मुलं पसारा करायची, कपडे लोळवायची. गुरुजी बोलायचे नाहीत, स्वतः आवरायचे, मुलांचे कपडे धुवायचे, घड्या घालायचे. मुलं आपोआप ओशाळायची.

आणि विनोबांचं पुढे काय झालं ठाऊक आहे? १९५३ च्या सप्टेंबरात, भूदानाच्या पदयात्रेत, ते बिहारमध्ये देवघरला हरिजनांना बरोबर घेऊन वैद्यनाथाच्या दर्शनाला गेले. तिथल्या पंड्यांनी त्या सगळ्यांना मारहाण केली. विनोबांच्या कानावर मार बसला, पुढे त्या कानाने ऐकू येईना. त्यांनी सांगितलं, मारणाऱ्यांनी हे अज्ञानाने केलंय, त्यांना शिक्षा व्हावी अशी माझी इच्छा नाही. पण देवळाचं दार सगळ्यांना उघडं हवं, हा आग्रह त्यांनी तसूभरही कमी केला नाही. ते देऊळ लवकरच खुलं झालं. १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला बरोबरच्या एका परदेशी बाईंना आत सोडेनात, तर विनोबाही दर्शन न घेता माघारी फिरले. आणि मग १९५८ च्या मे महिन्यात पंढरपूरला काय झालं! बडव्यांनी आपणहून त्यांना सगळ्या धर्मांच्या सोबत्यांसह आत बोलावलं. मुसलमान, ख्रिस्ती मुली बरोबर होत्या. विठ्ठलासमोर विनोबांच्या डोळ्यांना धार लागली. अकरा वर्षांपूर्वी जिथे गुरुजींना अन्न सोडून बसावं लागलं होतं, त्याच देवळातून हे आमंत्रण आलं होतं.

गुरुजी मात्र ते पाहायला नव्हते. हे सांगू की नको असा विचार मी केला, पण तुला सांगायलाच हवं. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. गांधीजींच्या खुनानंतर, देशात माजलेला द्वेष बघून ते आतून फार खचले होते. इतक्यांचे अश्रू पुसणाऱ्या त्या माणसाचं आतलं दुःख कुणाच्या हाती लागलं नाही. त्यामुळे त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही, असं मी मनापासून मानते. पण त्यांच्या त्या जाण्याने मला एक धडा दिलाय. मोठं मन असणारी माणसं दुःख एकट्याने गिळतात, आणि आजूबाजूचे समजतात, यांना काय, हे तर देवमाणूस! तू तसं करू नकोस. रात्री अकराला वाटलं तरी मला फोन कर. झोप उडाली, जेवण जात नसलं, जगण्यातच राम वाटेनासा झाला, तर देवघरात बस आणि डॉक्टरांकडेही जा. देवाची कृपा डॉक्टरांच्या हातूनही येते, बहिणीच्या फोनवरूनही येते. ती आभाळातूनच पडायला हवी असा हट्ट का धरायचा?

आता रोजचं काय करायचं ते सांगते.

मनातला राग एकदम उपटून टाकायला जाऊ नकोस. कपाशीच्या वावरात निंदणी कशी असते, एकदा केली की झालं असं नाही, पाऊस पडला की तण पुन्हा येतंच. तसं हे. आज शांत वाटेल, उद्या वहिनीचा स्टेटस बघितला की पुन्हा भडका. त्या दिवशी पुन्हा बस. दिवा लावल्यावर आप्पाकाकांचं नाव घे, काकूचं घे, आणि जमेल त्या दिवशी दादाचंही घे. नुसतं नाव. "त्याचं भलं कर" हे शब्द ओठांवर येत नसतील तर ओढून आणू नकोस. देवाला खोटी प्रार्थना नको असते. नाव घेतलंस तरी पुष्कळ झालं, बाकीचं त्याच्यावर सोड.

दादा असा का वागतोय, याचाही एकदा थंड डोक्याने विचार कर. त्याची बाजू घेत नाही मी. पण कोरडवाहू जमीन, कापसाचा भाव असा, बोअरला पाणी नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि वर सासुरवाडीचे सांगणारे. तो घाबरलेला आहे, आणि घाबरलेला माणूस आधी ओरडतो. मनातला द्वेष थोडा निवला की समोरच्याची भीती दिसायला लागते. ती दिसली म्हणून हिस्सा सोडायचा नसतो, पण बोलणी कशी करायची ते सुचतं. सगळी जमीन मोडायची की विहिरीकडचा तुकडा त्याच्याकडे ठेवून बाकीचं ठरवायचं, की ठरलेली रक्कम हप्त्याने घ्यायची, अशा वाटा निघतात.

कायदा तुझ्या बाजूचा आहे, त्यात शंका ठेवू नकोस. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच केलंय की तो हक्क जन्माने आहे. आप्पाकाकांनी स्वतः घेतलेल्या तुकड्यात मृत्युपत्र नसेल तर काकू, दादा आणि तू, तिघांचा सारखा वाटा. काकूचाही वाटा आहे, हे सगळेच विसरलेत. सातबारा आणि वारसनोंदीचा उतारा काढ. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, ते रडण्यात घालवू नकोस. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पवर, "नुसती ओळख म्हणून" कशावरही सही करू नकोस. आणि कुणी अंगावर धावून आलं, तर तिथे क्षमेचा विचार करत उभी राहू नकोस. निघून ये, पोलिसांत कळव. क्षमा दूर राहूनही करता येते.

राहता राहिली काकू. ती दादाच्या घरात आहे, त्याच्या ताटातलं खाते, तुझी बाजू घेऊन बोलली तर तिलाच ऐकावं लागतं. तिला फोन कर, पण जमिनीचा विषय काढू नकोस. गुडघा कसा आहे विचार, बीपीच्या गोळ्या घेतल्या का विचार, लोणच्याला कैऱ्या किती घातल्या विचार. "तू माझ्या बाजूने का नाही बोललीस" हे मात्र तिला विचारू नकोस. दोन लेकरांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईला तो प्रश्न सोसत नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला ये. उतारे, आप्पाकाकांचा मृत्यूचा दाखला, तुझं आधार, सगळं एका पिशवीत घाल. माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, समजूतदार आहेत, आधी तडजोडीचं पत्रच लिहितील. ते पत्र दादाला पोस्टाने न धाडता मी स्वतः घेऊन जाईन. तो मला घरात घेईल की नाही कोण जाणे, पण मी जाईन. तू दोन दिवसांचे कपडे आण. लेकीलाही आण, परीक्षा संपल्यात ना तिच्या?